पहिल्या दिवसाचा आकडा

मराठी विभागासाठी काहीतरी लिहून दे, असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीनं सांगितलं तेव्हा मी आधी हसलेच. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये. दहावीपर्यंत मराठी हा एकच पेपर असा होता, की ज्याच्या आदल्या रात्री माझ्याबरोबर आईसुद्धा जागी असायची. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. पण मला जे म्हणायचंय ते इंग्रजी विभागात लिहिलं असतं तर त्याचा 'टेक्निकल पेपर' झाला असता, आणि मला तर भांडायचंय. भांडायला मराठीच बरी!

विषय आहे पॉलिइमाइडच्या फिल्ममधून वायू वेगळे करण्याचा. थांबा, पान उलटू नका! मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरवाल्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण भांडण शेवटी रिपोर्टमध्ये आपण कोणता आकडा लिहितो यावर आहे, आणि रिपोर्ट तर आपण सगळेच लिहितो. मराठी विश्वकोशात पॉलिमरला 'बहुवारिक' आणि मेम्ब्रेनला 'पटल' म्हणतात. मी 'बहुवारिक पटल' हा शब्द एकदा लॅबमध्ये वापरून पाहिला. सगळ्यांना वाटलं मी कुठल्यातरी आजाराविषयी बोलतेय. म्हणून इथे आपण सरळ फिल्मच म्हणू.

तर गोष्ट गेल्या जुलैची. टी.ई.च्या मिनी प्रोजेक्टसाठी मला आमच्या विभागातल्या एम.टेक. करणाऱ्या एका ताईच्या हाताखाली दिलं. काम असं, की पॉलिइमाइड बनवायचं, काचेवर ओतून त्याची फिल्म करायची, आणि तिच्यातून कार्बन डायऑक्साइड किती जातो, मिथेन किती जातो ते मोजायचं. घरी फोनवर आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे चाळणच की! भोकं केवढी ठेवलीस?"

आजी, भोक नसतंच, हीच तर गंमत आहे. भोक पडलं की फिल्म फुकट. वायू फिल्मच्या एका बाजूला विरघळतो, साखळ्यांच्या मधल्या सापडेल त्या फटीतून सरकत सरकत पलीकडे जातो आणि बाहेर पडतो. थॉमस ग्रॅहम यांनी रबराच्या बाबतीत हे १८६६ मध्येच सांगून ठेवलंय. आता कार्बन डायऑक्साइडचा रेणू वायूंच्या हिशेबात ३.३ अँगस्ट्रॉमचा धरतात आणि मिथेनचा ३.८ चा. फरक अर्ध्या अँगस्ट्रॉमचा, म्हणजे एका मीटरचे दोन हजार कोटी भाग केले तर त्यातला एक. एवढ्याशा फरकावर एकाला सोडायचं आणि दुसऱ्याला अडवायचं!

हे कोणाला हवंय? गोबरगॅसवाल्यांना हवंय. शेणाच्या, साखर कारखान्यातल्या प्रेसमडच्या किंवा मेसच्या उरलेल्या भाताच्या (आमच्या मेसमध्ये तो भरपूर उरतो) गॅसमध्ये मिथेन साधारण ५५ ते ६५ टक्के असतो. बाकी बहुतेक सगळा कार्बन डायऑक्साइड, शिवाय थोडा हायड्रोजन सल्फाइड आणि पाण्याची वाफ. चुलीला तो चालतो. गाडीत भरायचा तर मिथेन ९० टक्क्यांच्या वर न्यावा लागतो. केंद्र सरकारनं २०१८ मध्ये 'सतत' नावाची योजना आणली ती अशाच गॅससाठी. युरोपात हे काम पॉलिइमाइडच्या केसासारख्या पोकळ तंतूंचे जुडगे करतात. म्हणजे विषय काही चंद्रावरचा नाही.

चंद्रावरून आठवलं. पॉलिइमाइड तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. थ्रीडी प्रिंटरच्या बेडवर चिकटवतात ती पिवळट-तांबूस टेप, कॅप्टन. ड्यूपाँट कंपनीनं १९६० च्या दशकात बाजारात आणली. अपोलोचं जे यान चंद्रावर उतरलं त्याच्या अंगावरचा सोनेरी कागदही कॅप्टनचाच होता. उष्णता सोसण्यात हिचा हात कोणी धरणार नाही. पण वायू सोडायच्या बाबतीत महाकंजूष.

का, ते कळायला दिवाळीच्या सुट्टीत गावी जाणारी एस.टी. आठवा. दारापासून ड्रायव्हरच्या केबिनपर्यंत माणसं उभी. कंडक्टर 'पुढे सरका, पुढे सरका' करत त्यांना इतकं खेटून उभं करतो, की मग त्याला स्वतःलाच तिकिटं द्यायला मधून जाता येत नाही. हे झालं कॅप्टन. सपाट, ताठ साखळ्या एकमेकींना चिकटून बसलेल्या. आता समजा प्रत्येकाच्या पाठीला फुगलेली सॅक आहे आणि ती उतरवायला जागा नाही. मग कितीही सरका म्हटलं तरी मधे फटी राहणार. किडकिडीत कंडक्टर त्या फटींतून जाईल, डोक्यावर पोतं घेतलेला माणूस अडकेल. पण नुसती सॅक पुरत नाही हं. माणसं डुलायला लागली तर फट कधी एवढीशी, कधी एवढी मोठी, आणि त्यात पोतंवालाही घुसतो. म्हणून सॅकही हवी आणि माणसं ताठही हवीत.

पॉलिइमाइड 'डिझाइन' करणं म्हणजे मुख्यतः हेच. दोन पावडरी असतात, एक डायअनहायड्राइड आणि एक डायअमिन. दोन्हींचे पाच-पंचवीस प्रकार, आणि त्यातून जोड्या जुळवायच्या. कॅप्टनमधला पीएमडीए काढून त्याच्या जागी ६एफडीए घातला, की प्रत्येक साखळीवर ठरावीक अंतरानं एक सॅक येते. तिथल्या एका कार्बनला दोन गट लटकलेले असतात आणि त्या प्रत्येकावर तीन-तीन फ्लोरिन. १९८० च्या दशकात टेक्सास विद्यापीठात विल्यम कोरोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही अदलाबदल करून पाहिली. डायअमिन तोच ठेवला. कार्बन डायऑक्साइडची पार्यता दोन-तीन बॅररवरून वीसच्या पुढे गेली आणि मिथेन अडवण्याची ताकद कमी न होता उलट थोडी वाढली. (बॅरर हे माप आहे, रिचर्ड बॅरर या शास्त्रज्ञाच्या नावावरून. पार्यता म्हणजे वायू किती सहज जातो ते.) मला हे वाचून टाळी वाजवावीशी वाटली. कारण आम्हाला शिकवलेलं असं, की एक मिळवायचं तर दुसरं सोडावं लागतं.

आम्ही तीच जोडी घेतली. ६एफडीए महाग. छोटीशी बाटली आली आणि ताईनं ती कपाटात अशी ठेवली जशी आई मंगळसूत्र ठेवते.

कृती वाचायला सोपी आहे. डायअमिन एनएमपी नावाच्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवायचं, त्यात डायअनहायड्राइड थोडं थोडं घालायचं, ढवळत राहायचं. (एनएमपीला वास फारसा नाही म्हणून कोणी हातमोजे काढून ठेवतं. काढू नका. गर्भाला घातक म्हणून नोंदलेलं रसायन आहे ते.) काही तासांत द्रावण काकवीसारखं दाट व्हायला हवं. मग काचेवर ओतून पसरायचं, सुकवायचं, आणि ओव्हनमध्ये पायरीपायरीनं ३०० अंशांपर्यंत न्यायचं. त्या उष्णतेत पाणी बाहेर पडतं आणि पॉलिइमाइड तयार होतं.

आमचं द्रावण दाट झालंच नाही. पहिल्यांदा पातळ वरण, दुसऱ्यांदा पातळ वरण, तिसऱ्यांदा मेसचं वरण, म्हणजे त्याहून पातळ. तरी ओतलं. ओव्हनमधून काढलं तर काचेवर फिल्म नव्हती, चुरा झालेला पापड होता. चौथी आणि पाचवी काच दाट द्रावणाची होती, पण आम्ही घाईनं तापवलं आणि सॉल्व्हंट उकळून फिल्मला टाचणीच्या टोकाएवढे फोड आले. सहावी सुंदर झाली होती, ती काचेवरून सोडवताना माझ्या हातून फाटली. त्या रात्री मी जेवले नाही. सातवी चांगली निघाली. वीस मायक्रॉन, पिवळसर, उजेडाला धरली की पलीकडचं फॅनचं पातं स्वच्छ दिसेल अशी.

सातातली एक. आणि रिपोर्टच्या पहिल्या मसुद्यात काय होतं माहितीये? 'फिल्म यशस्वीरीत्या तयार करण्यात आली.' एकवचनी! बाकीच्या सहा जणी जन्मल्याच नव्हत्या.

मोजणी आम्ही साबणाच्या बुडबुड्यानं केली. फिल्मच्या एका बाजूला गेजवर ४ बार दाब, दुसऱ्या बाजूला बारीक काचेची नळी. पलीकडे आलेला वायू नळीतला बुडबुडा वर ढकलतो. सेल ३५ अंशांच्या वॉटर बाथमध्ये. कार्बन डायऑक्साइड लावला तेव्हा बुडबुड्याला एक मिलिलिटर चढायला चार मिनिटं लागली. हिशेब केला, २१ बॅरर. ताईनं मला मिठी मारली. मग मिथेन लावला. बुडबुडा हलेचना. एक मिलिलिटरला चार तास लागणार होते. आम्ही पाळीपाळीनं बसलो, मी डबा तिथेच खाल्ला, आणि हॉस्टेलची वेळ गाठायला शेवटी धावत गेले. एवढ्या वेळात बुडबुडा सुकतो, फुटतो, नळीतलं साबणाचं पाणी वाळतं. त्यामुळे 'मिथेनपेक्षा ६० पट' हा जो आकडा आमच्याकडे आला, त्यातल्या साठावर माझा तरी फारसा विश्वास नाही. पन्नासही असेल, सत्तरही असेल. कार्बन डायऑक्साइडचे २१ मात्र चार वेळा मोजले होते.

हे झालं सप्टेंबरात. फिल्म डेसिकेटरमध्ये ठेवली, परीक्षा झाल्या, दिवाळी झाली. नोव्हेंबरच्या शेवटी रिपोर्टसाठी फोटो काढायचा म्हणून सेल पुन्हा जोडला आणि सहज एकदा कार्बन डायऑक्साइड लावून पाहिला. तीच फिल्म, तोच सेल, तेच ३५ अंश. बुडबुड्याला जवळजवळ पाच मिनिटं लागली. १७ बॅरर.

गळती म्हणावी तर गळतीनं आकडा वाढतो, कमी होत नाही. फिल्मच्या जाडीत चूक म्हणावी तर जाडी दोन्ही वेळा तीच धरली होती. दमट हवा म्हणावी तर दमट हवा सप्टेंबरात होती, नोव्हेंबरात नाही, आणि दोन्ही वेळा फिल्म रात्रभर व्हॅक्यूममध्ये ठेवली होती. गेजवर मात्र मी पैज लावणार नाही, तो आमच्यापेक्षा वयानं मोठा आहे. पण बहुधा जे झालं ते पुस्तकात लिहिलेलंच आहे. फिल्म म्हातारी होते. ओव्हनमधून बाहेर काढून थंड केल्यावर साखळ्या जशा होत्या तशा अडकून पडतात. कोणी नीट बसलेलं नसतं. मग दिवसांमागून दिवस त्या हळूहळू सरकतात. एस.टी.ला खड्ड्यांचे हादरे बसत गेले, की सॅकवालेसुद्धा एकमेकांत बसतात ना, तसंच. फटी बारीक होतात, वायू कमी जातो.

आणि आमची फिल्म वीस मायक्रॉनची होती. कारखान्यात जे पोकळ तंतू वापरतात त्यांची काम करणारी साय मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते, कारण जाड असेल तर वायू पुरेसा जाणारच नाही. पातळ फिल्म कितीतरी वेगानं म्हातारी होते, हेही मोजलेलं आहे. म्हणजे जाड फिल्मचा पहिल्या दिवसाचा आकडा हा दोन्ही बाजूंनी कौतुकाचा आकडा.

तिसरी गोष्ट राहिलीच. आपण कार्बन डायऑक्साइड वेगळा मोजतो, मिथेन वेगळा मोजतो आणि भागाकार करून छाती फुगवतो. खऱ्या गॅसमध्ये दोघं एकत्र येतात. दाब वाढला की कार्बन डायऑक्साइड फिल्ममध्ये इतका विरघळतो, की साखळ्या फुगून ढिल्या पडतात. कंडक्टरनं ढकलून वाट केली की मागून पोतंवालाही येतो, त्यातला प्रकार. मॅट्रिमिड नावाचं बाजारात मिळणारं पॉलिइमाइड आहे, त्यात हा ढिलेपणा १० ते १५ बारच्या आसपास दिसायला लागतो. वेगवेगळं मोजून ही गोष्ट कधीच दिसणार नाही.

आता भांडणाकडे येते.

या विषयात एक प्रसिद्ध आलेख आहे. लॉइड रॉब्सन यांनी १९९१ मध्ये तोवर छापून आलेले आकडे गोळा केले. आडव्या अक्षावर पार्यता, उभ्या अक्षावर निवड, आणि सगळ्या ठिपक्यांच्या वर एक तिरकी रेघ मारली. या रेघेच्या वर अजून कोणी गेलेलं नाही, असा तिचा अर्थ. २००८ मध्ये त्यांनीच ती थोडी वर सरकवली. आलेख उत्तम आहे, माझं त्याच्याशी वैर नाही. पण त्या रेघेनं जगभरातल्या लॅबना काय केलंय बघा. प्रत्येकाला आपला ठिपका रेघेच्या वर हवाय. नवी सॅक, अजून मोठी सॅक, सॅकवर सॅक. आणि ठिपक्याला वय नसतं. तो तिसऱ्या दिवसाचा आहे की तीनशेव्या, हे आलेख बघून कळत नाही. काही चांगले संशोधन गट आता ठिपक्याशेजारी फिल्मचं वय छापतात, जुन्या फिल्मचा ठिपका वेगळा दाखवतात. पण आपल्या सेमिनारमध्ये तसं कोणी केलेलं मी तरी पाहिलं नाही.

गंमत म्हणजे, नैसर्गिक वायूतून कार्बन डायऑक्साइड काढायला १९८० च्या दशकापासून सेल्युलोज अॅसिटेटच्या फिल्म वापरतात, आणि अजूनही वापरतात. रॉब्सनच्या आलेखात ती बिचारी रेघेच्या बरीच खाली आहे. मॅट्रिमिडसुद्धा १० बॅररच्या आसपासचं, म्हणजे रेकॉर्डच्या दृष्टीनं अगदी सामान्य घरातलं. ज्यांना प्लांट चालवायचाय त्यांनी रेकॉर्डवाल्यांना सोडून यांच्याशी संसार केला, कारण वागणं माहीत आहे, पैसे परवडतात आणि पाचव्या वर्षी काय होईल ते सांगता येतं. मग डिझाइन कशाचं करायचं? माझं मत, म्हातारपणाचं करायचं. साखळ्यांना मधे मधे आडवे टाके घालायचे, म्हणजे त्या फुगणार नाहीत. डाबा नावाचं डायअमिन थोडं मिसळलं की त्याच्या आम्ल गटांवरून असे टाके घालता येतात, आणि त्यावर बरंच काम झालंय. पण टाके घातले की पहिल्या दिवसाचा आकडा बऱ्याचदा आधीच खाली येतो. म्हणजे शंभराव्या दिवशी उपयोगी पडेल अशी फिल्म पहिल्या दिवशी आपल्या पीपीटीत मागे पडणार. मग कोण कशाला करेल?

सरांशी यावर बोलले. सर म्हणाले, "अगं, पहिल्या दिवशी, एकेक वायू घेऊन मोजतात कारण तुलना करता येते. सगळ्यांनी एकाच पट्टीनं मोजायला नको?" बरोबर आहे. शंभर जोड्यांतून पाच निवडायच्या तर झटपट चाळणी लागणारच, सगळ्यांना वर्षभर कपाटात ठेवून कसं चालेल? मला एवढंच म्हणायचंय, की मग त्या आकड्याला चाळणीचा आकडा म्हणा. 'परफॉर्मन्स' म्हणू नका. कॅम्पस इंटरव्ह्यूच्या दिवशी मी जशी दिसते, तशी मी वर्षभर दिसत नाही!

मग सर हळूच म्हणाले, "दुसरा आकडा टाकलास तर बाहेरचा परीक्षक तिथेच अडकेल." हे मात्र मला लागलं. कारण तेही खरं आहे. आणि ताईचं तर याहून अवघड. तिनं २१ आकडा घालून एका परिषदेसाठी सारांश लिहून ठेवला होता. तिचा स्टायपेंड दोन वर्षांचा. नवी फिल्म करायला बाटलीत पावडर उरली नव्हती. मी '१७' म्हटल्यावर तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आपण फोटो काढून गप्प बसायला हवं होतं. दोन दिवस आम्ही चहाला एकत्र गेलो नाही.

याच दोन दिवसांत मी रिकाम्या हातानं लॅबमध्ये बसले असताना लॅबमधल्या मामांनी विचारलं, "काय ताई, पापड झाला होता का जुलैत?" मी चकित. त्यांना कसं माहीत? तर मामा म्हणाले, "दर पावसाळ्यात पोरं हेच करतात. पावडर ओली होते. त्या अमक्या वर्षीच्या पोरानं आधी रात्रभर व्हॅक्यूम ओव्हनला लावली होती, त्याची झाली."

मी विभागाच्या लायब्ररीत जाऊन जुने प्रोजेक्ट रिपोर्ट काढले. पॉलिइमाइडचे चार मिळाले. चारही रिपोर्टमध्ये 'यशस्वीरीत्या'. पावडर हवेतलं पाणी ओढून घेते, तिचं रिंग उघडतं, मग ती साखळीत नीट जुळत नाही, साखळी आखूड राहते आणि आखूड साखळीची फिल्म तडकते, हे पुस्तकात आहे. पण आपल्या गावच्या जुलैत, आपल्या खिडकी न लागणाऱ्या लॅबमध्ये हे किती लवकर होतं, ते कुठेच नाही. ते फक्त मामांना माहीत. तीन काचांची महागडी पावडर आम्ही ओतली, आमच्या आधीच्यांनी ओतली असेल, आणि पुढच्या जुलैत कोणीतरी ओतणारच होतं. मामा मे महिन्यात रिटायर होतायत.

याच विषयातली एक जुनी गोष्ट मला तेव्हा फार आठवली. १९७० च्या दशकात मोन्सँटो कंपनीत हेनिस आणि ट्रिपोडी हे दोघे पॉलिसल्फोनच्या तंतूंवर काम करत होते. पातळ साय करायला गेलं की कुठे ना कुठे भोक राहतंच. क्षेत्रफळाच्या दहा लाखाव्या भागाएवढं भोक असलं तरी निवड बिघडते. त्यांनी भोकं नाहीत असं धरलं नाही. भोकांतून किती वायू जातो याचा हिशेब मांडला, आणि वरून सिलिकोन रबराचा पातळ हात दिला. रबराला स्वतःला निवड फारशी येत नाही, पण ते भोकं बुजवतं, आणि काम खालचं पॉलिसल्फोन करतं. त्यातून 'प्रिझम' नावाचे जुडगे १९८० च्या सुमारास बाजारात आले, हायड्रोजन परत मिळवायला, आणि वायू वेगळे करणाऱ्या फिल्मचा धंदा खऱ्या अर्थानं तिथून उभा राहिला. त्या दोघांच्या गाइडनं 'भोकांचं लिहू नका' म्हटलं असतं तर?

असो. पुढे काय झालं ते सांगते. तिसऱ्या दिवशी ताईच माझ्या रूमवर आली. मॅगी केली. म्हणाली, "१७ माझ्या सारांशात नाही घालणार मी, एकदाच मोजलाय आपण." मी म्हटलं, बरोबर आहे, पण मग २१ कधीचा ते तरी लिही. तिनं माझ्याच लॅपटॉपवर फाइल उघडली आणि २१ च्या पुढे लिहिलं, 'फिल्मचं वय ३ दिवस'. इतकंच. शब्दमर्यादेत बसलं. मला ते माझ्या अख्ख्या रिपोर्टपेक्षा आवडलं.

माझ्या रिपोर्टमध्ये दोन्ही आकडे आहेत, तारखांसकट. सातही काचांचा तक्ता आहे, फाटलेली धरून, 'विद्यार्थिनीच्या हातून' असं स्पष्ट लिहून. सरांनी पान उलटलं, थांबले, पुन्हा मागचं पान पाहिलं आणि सही केली. बाहेरच्या परीक्षकांनी १७ वर एक अक्षर विचारलं नाही. त्यांनी विचारलं, ओव्हनचं कॅलिब्रेशन कधी केलं होतं? त्याचं उत्तर मला आलं नाही!

लॅबमध्ये मी एक वही टांगली आहे, वजनकाट्याच्या शेजारी, दोरीला पेन बांधून. दोनशे पानी, कव्हरवर 'फुटक्या फिल्म' असं लिहिलंय. पहिली सहा पानं आमची. सातव्यावर मामांनी सांगितलेलं सगळं आहे, त्यांना वाचून दाखवून दोन ठिकाणी दुरुस्त केलेलं. कोणी हसलं तरी चालेल, पण तारीख, पावडर कधी उघडली, किती वेळ सुकवली आणि काय बिघडलं एवढं लिहा. नाव लिहायची सक्ती नाही.

आणि सातवी फिल्म अजून आहे. खिडकीकडच्या डेसिकेटरमध्ये, वरच्या थाळीत, पेट्री डिशवर तारीख चिकटवलेली. येत्या सप्टेंबरात तिला एक वर्ष होईल. मी तेव्हा बी.ई.त वेगळ्या प्रोजेक्टवर असेन, ताई गेलेली असेल. ज्याला कोणाला पॉलिइमाइडचा विषय मिळेल त्यानं ती एकदा मोजावी. ३५ अंश, ४ बार, आधी रात्रभर व्हॅक्यूम. सेलची ओ-रिंग कडक झालीये, ती बदलून घ्या, आणि गेज आधी दुसऱ्या गेजशी ताडून पाहा.